पंपाच्या अलीकडे की पलीकडे?



पुण्याला असलेल्या माझ्या पुतण्याच्या मुलाने एक जुनी मोटार विकत घेऊन तिची शर्यतीची गाडी करायला काढली आहे. (त्याचे नाव लिहायचे नाही अशी त्याची अट आहे. त्याची आई हे पान वाचते.) परवा त्याचा फोन आला. "आबा, तुमच्या विहिरीवर इंजिन होतं ना? त्याची डिझेलची गाळणी कुठं बसवलेली होती? पंपाच्या आधी का नंतर?" मी बी.ए. झालेला मास्तर. आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. यंत्रांचा आणि माझा संबंध विहिरीवरच्या इंजिनाचे हँडल मारण्यापुरता. पण प्रश्न डोक्यातून जाईना. चार दिवस वाचत बसलो, एका ओळखीच्या पंप-नोझलवाल्याच्या दुकानात जाऊन दोन चहा घेतले, आणि लक्षात आले की या एवढ्याशा गाळणीला चांगला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातला बराचसा आपल्याच घरात आणि शेतात घडलेला आहे.

आधी ती शर्यत काय असते ते सांगतो. ड्रॅग रेस म्हणजे मोटारींचा शंकरपट. वळण नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या आणि सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, पळवायच्या. दहा-बारा सेकंदांत खेळ खलास. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथल्या विमानतळावर १९५० साली या शर्यती रीतसर सुरू झाल्या आणि पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली. आपल्याकडेही विमानाचीच धावपट्टी कामाला आली. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या पट्टीवर 'व्हॅली रन' नावाने अशा शर्यती झाल्या, आणि त्या पाहूनच आमच्या चिरंजीवांना हे वेड लागले. आमच्या विदर्भातल्या माणसाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. पटावर बैलजोडी काही सेकंदच पळते, पण तिच्या खुराकाची चर्चा वर्षभर चालते. इथे खुराक म्हणजे इंधन.

त्या अमेरिकी पोरांच्या सुरुवातीच्या गाड्यांचे फोटो पाहताना मला आमच्या स्वयंपाकघरातला स्टोव्हच आठवला. डीन मून नावाच्या गृहस्थाने ॲल्युमिनियमची छोटी गोल टाकी बनवली. ती गाडीच्या अगदी नाकावर बसवायची आणि हातपंपाने तिच्यात हवा भरायची. हवेच्या दाबाने पेट्रोल नळीतून इंजिनाकडे जाई. म्हणजे आपला रॉकेलचा स्टोव्हच की! स्वीडनच्या लिंडक्विस्टने १८९२ साली असा स्टोव्ह बनवला आणि पुढची कित्येक दशके तो आपल्या घराघरांत फरफरत राहिला. आईला त्या स्टोव्हचे सगळे शास्त्र ठाऊक होते. रॉकेल ओतायचे ते जाळी लावलेल्या नरसाळ्यातूनच. तरी आठवड्यातून एकदा ज्योत पिवळी व्हायची, भांडी काळी पडायची आणि मग पिन मारायची. त्या पिना किराणा दुकानात मिळत. बर्नरचे भोक केसाएवढे, आणि ते बुजवायला रॉकेलमधला एखादा कण पुरे. इंधनाचे भोक जितके बारीक तितकी गाळणी बारीक हवी, हा पहिला धडा आपल्या बायकांनी कुठल्याही मेकॅनिकच्या आधी शिकलेला आहे.

पण स्टोव्हला पंप हवेचा. रॉकेल पंपातून जातच नाही. त्यामुळे 'अलीकडे की पलीकडे' हा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता. तो आला डिझेल इंजिनाबरोबर.

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली यशस्वी झाले, पण ते अवजड होते, कारण त्यात तेल फवारायला दाबाची हवा लागे आणि त्या हवेसाठी वेगळे यंत्र. १९२७ मध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात इंधन फवारणारा पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला आणि हे इंजिन लहान झाले, ट्रकमध्ये आणि शेतात जाऊन बसले. आपल्याकडे साताऱ्याच्या कूपर कंपनीने १९३० च्या दशकातच डिझेल इंजिन बनवले होते. (त्याचे मालक धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मुलांना इंजिनापेक्षा पंतप्रधानपदाचेच आश्चर्य जास्त वाटे.) मग १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. मोटेची जागा इंजिनाने घेतली, आणि 'किर्लोस्कर' हा शब्द आमच्याकडे आडनाव न राहता वस्तूचे नाव झाला.

आमच्या विहिरीवरचे इंजिन पाच हॉर्सपॉवरचे. त्याची टाकी वर, इंजिन खाली. डिझेल आपोआप उतरायचे. टाकी आणि पंप यांच्यामध्ये एक डबीसारखी गाळणी. शिवाय माझे वडील डबा ओतताना नरसाळ्यावर जुन्या धोतराचा फडका धरायचे, तो वेगळाच. गावात कोणी याला हसले नाही. कारण कचरा आत गेला की नोझल चोक होणार, आणि नोझल चोक झाले की ऐन उन्हाळ्यात ऊस वाळणार. पंप-नोझलवाल्याने परवा मला तो पंपाचा दांडा हातात दिला. आरशासारखा गुळगुळीत. तो ज्या नळकांड्यात वर-खाली होतो तिच्यात आणि त्याच्यात फट असते दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. इतक्या फटीत वाळूचा कण गेला की चरा पडलाच. बंगळूरला १९५१ साली स्थापन झालेली मायको कंपनी, जी २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाते, हे पंप इथे बनवू लागली. तिचा कारखाना पुढे नाशिकलाही आला. खेड्यापाड्यांत पंप-नोझलवाल्यांच्या दुकानांवर 'मायको'ची पाटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आता खरा प्रश्न. टाकी वर असली तर काही अडचण नाही. पण ट्रकमध्ये आणि मोटारीत टाकी खाली किंवा मागे असते आणि इंधन ओढून आणावे लागते. मग गाळणी ओढणाऱ्या बाजूला लावायची की ढकलणाऱ्या?

याचे उत्तर आपल्या विहिरीतच आहे. शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते की पंप पाणी कितीही उंच ढकलेल, पण खालून ओढायचे म्हटले की वीस-पंचवीस फुटांवर त्याचा जीव जातो. कारण तो खरे तर ओढत नाहीच. तो पोकळी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर लोटतो, आणि तो दाब ठरावीकच असतो. पुस्तकी हिशेबाने चौतीस फूट, प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून पाणी खाली गेले की पंपच विहिरीत खाली उतरवायचा. आता त्या ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी काय असते? फुटव्हॉल्व्ह, आणि त्याला मोठ्या भोकांची जाळी. बेडूक, पाला, काडी अडवण्यापुरती. तिथे कोणी बारीक कापड बांधत नाही. बांधले तर पंप हवा धरेल. ठिबक आल्यावर बारीक गाळण्याची गरज पडली, कारण थेंबाचे भोक बारीक. तेव्हा ती गाळणी, एकशेवीस मेशची, म्हणजे साधारण एकशेतीस मायक्रॉनची, पंपाच्या पुढे बसली. ढकलणाऱ्या बाजूला. अलीकडे जाड, पलीकडे बारीक. अलीकडची गाळणी पंपाला सांभाळते, पलीकडची त्याच्या पुढच्या नाजूक भोकांना.

ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांनीही हेच केले. ओढायच्या बाजूला काचेची किंवा धातूची वाटी, तिच्यात पाणी आणि गाळ खाली बसतो, आणि एक साधी जाळी. पुढे छोटा फीड पंप. त्याच्या पुढे शेजारी शेजारी दोन फिल्टर, पहिला कापडाचा किंवा नमद्याचा, दुसरा कागदाचा, आणि मगच तो महागडा मोठा पंप. कागद आत घड्या घालून बसवलेला असतो, साडीच्या निऱ्यांसारखा, म्हणजे हातभर डब्यात बरेच वार कागद मावतो आणि तेल अडत नाही. फिल्टर बदलला की एअर काढायची, हे काम ज्याने रात्री रस्त्यावर केले आहे तो ते विसरत नाही. जालना-मेहकर रस्ता आमच्या गावातून जातो. वडाखाली ट्रक उभा करून क्लीनर हातपंप दाबतो आहे आणि स्क्रूपाशी फेस येतो आहे, हे दृश्य माझ्या पिढीने शेकडो वेळा पाहिले.

ड्रॅगच्या गाडीत हाच नियम, फक्त घाई भयंकर. चिरंजीवांनी मला गणित करून दाखवले. हजार हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीने चालले तर तासाला तीनशेच्या वर लिटर पेट्रोल पिते. दहा सेकंदांच्या शर्यतीत ते होते पाऊण-एक लिटर. आमच्या विहिरीवरचे इंजिन तेवढे डिझेल तासभर पुरवायचे! म्हणजे एकूण तेल थोडेच, पण एका मिनिटाला पाच लिटर या वेगाने ते फिल्टरमधून जायला हवे. म्हणून फिल्टर निवडताना 'किती तेल' हे पाहायचे नाही, 'किती वेगाने' ते पाहायचे. मोटारसायकलच्या नळीत बसतो तसला अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा फिल्टर इथे म्हणजे धरणाच्या कालव्याला लावलेली चहाची गाळणी.

दुसरी गंमत मला फार आवडली. गाडी सुटते तेव्हा आपण पाठीमागे दाबले जातो ना, एस.टी. एकदम निघाल्यावर उभी माणसे मागे रेलतात तसे? नळीतले पेट्रोलही तसेच मागे रेलते. टाकी मागे, इंजिन पुढे, मध्ये तीन मीटर नळी. गाडी गुरुत्वाकर्षणाइतक्या त्वरणाने सुटली तर त्या नळीतले पेट्रोल मागे सुमारे तीन पौंडांचा दाब देते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पंपाचा दाबच असतो सहा-सात पौंड. निम्मा तिथेच गेला. त्यातून फिल्टर अरुंद किंवा अर्धवट चोक असला तर आणखी एक-दोन पौंड तो खाणार. मग ऐन निम्म्या पट्टीवर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते, इंजिनात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते, आणि पिस्टन वितळून भोक पडते. गाडी थांबून पाहावे तर वाटी पुन्हा भरलेली. दोष सापडतच नाही. तिथल्या कित्येकांनी असे पिस्टन जाळल्यावरच मागच्या टाकीशेजारी, खाली, पंप बसवायला सुरुवात केली. पंपाच्या अलीकडे शंभर मायक्रॉनची स्टीलची मोठी जाळी, पलीकडे कार्ब्युरेटर असेल तर चाळीस मायक्रॉनची आणि इंजेक्शन असेल तर दहाची. मिथेनॉलवर पळणाऱ्या गाडीत कागद चालत नाही, तो त्यात फुगतो. तिथे दोन्हीकडे स्टीलची जाळीच.

काही जण टाकीच पुढे नेतात, म्हणजे सुटताना मागे रेलणारे इंधन पंपाकडेच येते. डीन मूनची ती नाकावरची टाकी याही कारणाने शहाणपणाची होती. याच खेळातले एक मोठे नाव डॉन गार्लिट्स. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात शर्यत सुटतानाच त्यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा काही भाग गेला. तेव्हा इंजिन पुढे आणि माणूस मागे, सगळ्या फिरणाऱ्या लोखंडाला चिकटून बसलेला असे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी इंजिन पाठीमागे टाकले, स्वतः पुढे बसले, आणि १९७१ पासून ती रचना रूढ झाली.

तेव्हा गाळणीची जागा केवळ दाबाची बाब नाही. तिथे आग आहे. क्लच आणि फ्लायव्हील फिरते त्या पट्ट्यात इंधनाची नळी उघडी ठेवू नये, जाड लोखंडी नळीतून न्यावी. एक्झॉस्टच्या वर फिल्टर कधीच लावू नये, कारण गळणारा थेंब खाली पडतो. काचेचा फिल्टर दिसायला छान, आतला कचरा दिसतो, पण शर्यतीच्या गाडीत तो नको. आणि ड्रायव्हर बसतो तो भाग या सगळ्यापासून पत्र्याच्या भिंतीने अलग हवा. चिरंजीवांनी काचेचा चकचकीत फिल्टर आणून ठेवलेला होता. मी त्याला एवढेच सांगितले की समृद्धी महामार्ग आपल्या गावाजवळून जातो. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. दुसऱ्या दिवशी गावात कोणाच्या घरी नीट चूल पेटली नाही. इंधन म्हणजे काय हे आम्हाला कोणी समजावून द्यायला नको. त्याने तो फिल्टर परत केला. (वहिनी, हे वाक्य तुमच्यासाठी.)

असो. गाळणीचे इतके गुण गायल्यावर तिला काय जमत नाही तेही लिहिले पाहिजे. ती कचरा धरते, भेसळ धरत नाही. पेट्रोलमध्ये किंवा डिझेलमध्ये रॉकेल मिसळले तर ते दहा मायक्रॉनच्या कागदातूनही बिनबोभाट जाते. रेशनच्या रॉकेलला निळा रंग देण्याची वेळ सरकारवर आली ती यामुळेच. दोन्हींच्या भावातल्या फरकावर मोठा धंदा उभा राहिला होता. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडीला तेलाच्या टँकरपाशी चाललेला असा प्रकार अडवला, आणि त्यांना तिथेच दिवसाढवळ्या जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. झेंडावंदनाला गेलो होतो. भाषणात कोणी तो विषय काढला नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

मात्र एक गाळणकागद भेसळीच्या कामाचा आहे, आणि तो फार थोडे लोक मागतात. पेट्रोलपंपावर ग्राहकाला गाळणकागदाची चाचणी मागण्याचा हक्क आहे. नोझलचे तोंड पुसून कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते आणि डाग राहत नाही. डाग राहिला तर शंका घ्यायची. मी दोनदा मागितला आहे. एकदा मिळाला. दुसऱ्यांदा पोऱ्या म्हणाला, "काका, चहा गाळायचाय का?"

आता नवा पाहुणा आला आहे, इथेनॉल. २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ पर्यंत वीस टक्क्यांचे पेट्रोल देशभर आले. उसाच्या मळीपासून, रसापासून ते बनते. आमच्या दुसरबीडला जिजामाता सहकारी साखर कारखाना होता, तो बंद पडला. त्याचे बॉयलर चालू असते तर आमच्या उसाचे थेंबही आज कोणाच्या टाकीत गेले असते, असा विचार कारखान्यावरून जाताना मनात येतो. इथेनॉलचे दोन स्वभाव गाळणीशी संबंधित आहेत. ते हवेतले पाणी धरते, आणि जुन्या टाकीत वर्षानुवर्षे चिकटून बसलेला गंज-चिकटा सोडवते. त्यामुळे जुन्या गाड्यांचे फिल्टर सुरुवातीला भराभर चोक होतात आणि लोक फिल्टरच्या कंपनीला शिव्या देतात. पाणी फार झाले तर ते इथेनॉलला घेऊन तळाशी वेगळे बसते, आणि पंपाचे तोंड नेमके तळाशी असते.

पंप-नोझलवाल्याचा सल्ला असा. जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा. नंतर सुरू करताना आधी टाकी उतरवून धुवा, नळ्यांत हवा मारा, आणि मगच नवा फिल्टर लावा. पहिला फिल्टर महिन्याभरात काढून करवतीने कापा आणि कागदाच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर झटका. तांबडे पडले तर टाकीचा गंज, काळे पडले तर आतून झिजणारी रबरी नळी, आणि चमकले तर पंप स्वतःच झिजतो आहे.